चारशे बारा नंबरची नोंद

लहान मुलांच्या त्या रुग्णालयात तिला सगळे दप्तरकाकू म्हणत. दप्तर म्हणजे रुग्णांच्या नोंदी. पण नव्याने आलेल्या मुलांना वाटायचं, या बाईकडे शाळेची दप्तरं मिळतात. एकदा एकाने खिडकीशी येऊन आपल्याला दोन कप्प्यांचं हवंय असं बजावलं होतं. काकूंनी ते नाव मनापासून स्वीकारलं होतं. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल, एक संगणक, आणि त्या मशीनवर सगळ्या रुग्णालयाची मिळून एकच फाईल. केसपेपरवाली, औषधखिडकीवरचे नाना आणि वरचा वॉर्ड, सगळे आपापल्या जागेवरून तीच फाईल उघडायचे. अकरा वर्षांत एकोणीसशे चार मुलांची नोंद तिच्यात झाली होती. कागद ठेवणं केव्हाच बंद झालं होतं, आणि ते बंद करा म्हणून सगळ्यात जास्त भांडल्या होत्या त्या काकूच.

मंगळवारी सकाळी दहाला वरून फोन आला. डॉक्टरीणबाई होत्या. तीनच महिन्यांपूर्वी आलेल्या, वयाने काकूंच्या मुलीएवढ्या, पण कधी आवाज न चढवणाऱ्या. आज मात्र आवाज चढलेला होता.

"काकू, चारशे बारा उघडा. माझ्या मशीनवर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतायत. मुलीला नऊला झटके येत असतानाच आणलंय, थांबतच नाहीयेत. नेहमीचं इंजेक्शन दोनदा देऊन झालं."

"उघडते," काकू म्हणाल्या.

चारशे बारा हा नंबर त्यांना पाठ होता. काल संध्याकाळी शेवटची उघडलेली नोंद तीच होती. त्या मुलीची आई पाच महिन्यांपूर्वी वारली, मावशीने मुलीला आपल्याकडे आणलं, आणि काल मावशी पालकाचं नाव आणि फोन बदलून घ्यायला आली होती. काकूंनी नाव घातलं, 'जतन करा' दाबलं, आणि मशीन गोठलं. माऊस हलेना, पडदा हलेना. साडेपाचची बस गाठायची होती. पाच मिनिटं वाट पाहून काकूंनी बटण दाबून मशीन सरळ बंद केलं. असं करू नका, म्हणून त्यांनीच स्वतःच्या अक्षरात प्रत्येक टेबलावर चिठ्ठी डकवली होती.

नोंद उघडली. नाव होतं. जन्मतारीख होती. मावशीचं नावही होतं. पण खाली जिथे तिच्या आजवरच्या टिपणांचा मोठा चौकोन होता, तिथे कुठल्याच भाषेची नसलेली अक्षरं, चौकटी आणि प्रश्नचिन्हं पसरली होती. त्यावर टिचकी मारताच मशीनने सांगितलं, की ही नोंद दुसरं कुणीतरी बदलत आहे. दुसरं कुणीही बदलत नव्हतं.

त्या धावत जिना चढल्या. वॉर्डाच्या दाराशी मावशी उभी होती. तिशी-पस्तिशीची, शिवणकाम करणारी बाई. बोटाला अजून शिवताना घालायचा अंगुस्ताना होता, तो काढायचंही तिला सुचलं नव्हतं. आत पलंगावर दहा वर्षांची मुलगी, दोन परिचारिकांनी धरलेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी थोडक्यात सांगितलं. आता दोनच औषधं हाताशी आहेत. दोन्ही इंजेक्शनं, एकाच्या बाटलीला लाल टोपण, दुसऱ्याच्या निळं. कुठलंही द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण मावशीने मघाशी एक गोष्ट सांगितली होती.

"माझी ताई सांगायची," मावशी म्हणाली, "की लहानपणी एका इंजेक्शनाने ही हातची जाता जाता वाचली. श्वासच बंद पडला होता. औषधाचं नाव ताईला तोंडपाठ होतं, पण मला... मला कधी विचारायचं सुचलंच नाही."

"त्या दोनपैकीच एक असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वासयंत्र आपल्याकडे एकच आहे आणि त्यावर कालचं बाळ आहे. मोठं रुग्णालय गाडीने तीन तास. या अवस्थेत ती तीन तास काढेल असं मला वाटत नाही. मोठ्या डॉक्टरांनी ते औषध लिहून ठेवलंच असेल. मला फक्त नाव द्या, काकू."

मोठे डॉक्टर म्हणजे झटक्यांच्या आजाराचे इथले जुने डॉक्टर. दहा वर्षं त्यांनी दोन बोटांनी टाइप करून एकेका मुलाचं पुराण लिहिलं, आणि गेल्या वर्षी ते स्वतःच गेले. त्यांना आता विचारणार कोण?

"देते," काकू पुन्हा म्हणाल्या.

खाली येऊन त्यांनी मशीनमास्तरला फोन लावला. रुग्णालयातले संगणक बघणारा हा गृहस्थ महिन्यातून दोनदा यायचा. आज तो दुसऱ्या गावात कुणाच्या तरी कारखान्यात मशिनं बसवत होता, आणि मागे छिन्नी-हातोड्याचा आवाज येत होता.

"आधी सगळ्यांना फाईलमधून बाहेर काढा," तो ओरडून म्हणाला. "एकही माणूस आत नको. मग फाईलच्या दोन कॉप्या करा. मूळ फाईलला हात लावायचा नाही. दुरुस्ती चालवायची ती कॉपीवर."

काकूंनी केसपेपरवालीला हाक मारली, नानांना हाक मारली, वॉर्डात निरोप धाडला. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. नाना आपली खिडकी बंद करून स्वतःच काकूंच्या खोलीत येऊन उभे राहिले. सत्तरीला टेकलेले, निवृत्त होऊनही न गेलेले.

"काय करू सांगा," ते म्हणाले.

"उभे राहा नुसते."

कॉप्या झाल्या. काकूंनी एका कॉपीवर दुरुस्ती चालवली. निळी पट्टी हळूहळू सरकत गेली, टोकाला पोचली आणि नाहीशी झाली. काकूंनी फाईल उघडली. खाली एकूण नोंदींचा आकडा होता: एकोणीसशे तीन.

चारशे अकरानंतर एकदम चारशे तेरा. दुरुस्ती करणाऱ्याने बिघडलेली नोंद कापूनच टाकली होती.

"असं होतं कधी कधी," मास्तर फोनवर म्हणाला. "त्याला कळत नाही तिचं काय करायचं, मग तो ती काढून टाकतो. काही बिघडलं नाही. तुम्ही दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर घेता ना? त्यातली काढा."

काकूंना हायसं वाटलं. शुक्रवार त्यांनी आजवर एकही चुकवला नव्हता, तापातसुद्धा. ड्रॉवर उघडून त्यांनी पेनड्राइव्ह लावला. आठ महिन्यांच्या तारखा घातलेल्या फाइली एकाखाली एक नीट लावलेल्या होत्या. काकूंनी शेवटची उघडली, तर ती आजचीच फाईल उघडली. तीच वेडीवाकडी चिन्हं. त्याआधीच्या शुक्रवारची, तीही तशीच. त्याआधीची, तशीच.

"फाईल केवढी आहे? आकडा वाचा," मास्तरने विचारलं.

काकूंनी वाचला. पलीकडे छिन्नीचा आवाजही थांबला.

"काकू, ही फाईल नाही. हा शॉर्टकट आहे, मूळ फाईल उघडायचं नुसतं चिन्ह. नवं मशीन बसवल्यापासून तुम्ही नुसता शॉर्टकटच कॉपी करत आलात. आत काहीच नाही."

आठ महिने दर शुक्रवारी, घरी जाण्याआधी, डोळ्यात तेल घालून त्यांनी जपलेलं ते सगळं रिकामं होतं. नवं मशीन याच मास्तरने बसवलं होतं, आणि हे त्यालाही त्याच क्षणी आठवलं असावं, कारण तो हळू आवाजात म्हणाला, "मी तेव्हा बघायला हवं होतं."

"आता काय ते सांग."

"दुसऱ्या कुणाकडे जुनी कॉपी?"

कुणाकडेही नव्हती; आधीच्या कॉप्या जुन्या मशीनबरोबरच भंगारात गेल्या होत्या. नानांनी आपल्या खिडकीवरची वही आणून चाळली, पण तिच्यात घरी नेलेल्या गोळ्या तेवढ्या होत्या. वॉर्डात दिलेली इंजेक्शनं त्यांच्याकडून जातच नव्हती. घड्याळात पावणेअकरा झाले होते. वरून परिचारिका येऊन गेली: झटके चालूच आहेत, ओठांचा रंग बदलतोय, डॉक्टरीणबाई विचारतायत किती वेळ.

तिच्या मागोमाग मावशीच खाली आली. तिला वर उभं राहवत नव्हतं. खोलीच्या दारात ती खाली बसली आणि बोलायला लागली, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"माझीच चूक आहे, काकू. ताईकडे सगळं होतं. एक मोठी पिशवी होती कागदांची, चिठ्ठ्या, अहवाल, सगळं. घर रिकामं करताना घरमालक दारात उभा होता आणि मी म्हटलं, जुनी बिलं असतील. मी ती पिशवी रद्दीत घातली. माझ्या हाताने. आज मुलीला काही झालं तर मीच मारलं तिला."

नाना म्हणाले, "असं बोलू नये, बाई."

काकूंना गप्प राहणं सोपं होतं. मशीनचं काय, मशीन बिघडतंच. कालचं बटण कुणी पाहिलं नव्हतं. समोर ही बाई सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती आणि तो तिच्याच पदरात राहिला असता. काकूंच्या मनात हे सगळं आलं. आलं नाही असं त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही.

"तुमची पिशवी नसती तरी चाललं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. "इथे सगळं होतं. काल संध्याकाळपर्यंत होतं. तुमचं नाव घातल्यावर मशीन अडकलं, मला बसची घाई होती, मी ते बटण दाबून बंद केलं. त्याने बिघडलं. मी बिघडवलं."

मावशीने वर पाहिलं. ती ओरडेल असं काकूंना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण मावशी उठली, टेबलाशी आली आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मग आता दुरुस्त करा ना."

ते ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, स्वतःचाच. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"मास्तर, त्या बिघडलेल्या फाइलीत ती अक्षरं आहेत की नाहीत? का पुसली गेली?"

"पुसली जात नाहीत एवढ्यात," मास्तर विचार करत म्हणाला. "नोंदीला ती कुठे ठेवलीत हे सापडत नाहीये एवढंच. अक्षरं असतील, तुकड्यांत, इकडेतिकडे. एक करा. दुसरी कॉपी आहे ना, दुरुस्ती न केलेली? ती नोटपॅडमध्ये उघडा. उघडताना खाली यादी येईल, त्यात युनिकोड निवडा. सगळा कचरा दिसेल. त्या कचऱ्यात शोधा."

फाईल उघडायला तीन मिनिटं लागली. मग पडद्यावर चौकटी आणि उलटीसुलटी चिन्हं यांचा नुसता चिखल आला, पण त्या चिखलात मधेच एखादी ओळ स्वच्छ दिसत होती. 'भूक चांगली. वजन दोन किलोने वाढलं.' कुणाचं वजन, कोण जाणे.

काकूंनी मुलीचं नाव शोधलं. एकाच ठिकाणी सापडलं, नावांच्या यादीत. टिपणांत मोठे डॉक्टर नाव कशाला लिहितील? 'झटका' शोधलं. तो शब्द हजारो ठिकाणी होता, एकोणीसशे मुलांचा.

"हिचं काहीतरी वेगळं सांगा," काकू मावशीला म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या मुलात नसेल असं."

मावशीला सुचेना. गाव, शाळा, बहिणीचं नाव, सगळं शोधून झालं. काही नाही. काकू डोळे मिटून बसल्या. मोठ्या डॉक्टरांचा आवाज आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. दर महिन्याला ही मुलगी यायची, आणि आल्या आल्या रांगेतल्या मोठ्या माणसांना सरळ उभं राहायला सांगायची. डॉक्टर दारातूनच म्हणायचे...

"फौजदार!" काकू ओरडल्या. "तिला ते फौजदार म्हणायचे. आणि तसंच लिहायचेही. मी एकदा त्यांना टोकलं होतं, सरकारी नोंदीत असलं काय लिहिता म्हणून."

नऊ ठिकाणी सापडलं.

मग मावशी वाचायला लागली आणि काकू कागदावर उतरवायला लागल्या. नाना चष्मा लावून मागे उभे. प्रत्येक तुकडा मधूनच सुरू व्हायचा आणि मधूनच तुटायचा. मास्तर म्हणाला तसं, मधे अक्षराचं एक घर सरकलं की पुढचं सगळं बिघडायचं. पहिल्या तुकड्यात तिला दात आले होते. दुसऱ्यात गोळी अर्धी केली होती. तिसरा मावशीने सावकाश वाचला.

"'...दिल्यावर अर्ध्या तासात ओठ निळे, श्वास मंद. चाळीस मिनिटं हाताने श्वास दिला. फौजदार अजून पाऊल टाकायला शिकली नाही आणि आम्ही तिला घालवत होतो. हे औषध पुन्हा नाही. कधीही नाही.'"

"आधीची ओळ वाचा. नाव वाचा," काकू म्हणाल्या.

"आधीची ओळ नाहीये."

त्या शब्दांच्या आधी नुसत्या चौकटी होत्या. काकूंनी वर-खाली केलं, पुन्हा वर-खाली केलं. औषधाचं नाव जिथे असायला हवं नेमकं तिथेच सगळं वितळलं होतं. मावशीने पडद्याच्या कडेला हात लावला, जणू तो बाजूला सारला की मागे नाव दिसेल. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पुढे वाचा," नाना म्हणाले. "थांबू नका. सगळे वाचा."

चौथा, पाचवा, सहावा. शाळेत घातलं, शिक्षकांना काय सांगायचं, सर्दी. सातव्या तुकड्यावर नानांनीच मावशीच्या खांद्यावरून पुढे वाकून एका शब्दावर बोट टेकवलं. लांबलचक औषधी नाव होतं, दोघींना ते उच्चारताही आलं नसतं, पण नानांनी आयुष्यभर तेच वाचलं होतं.

"लाल टोपण," ते म्हणाले. "हे लाल टोपणाचं आहे."

काकूंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. "'फौजदार यंदा दुसरीत. रात्री झटके थांबेनात म्हणून'... मग ते नाव... 'दिलं. वीस मिनिटांत शांत. त्रास काही नाही. सकाळी मला बूट पुसायला सांितलं.'"

घाईत डॉक्टरांचंच एक अक्षर सुटलं होतं. काकूंनी ते तसंच उतरवलं.

कागद घेऊन तिघंही जिना चढली, नानासुद्धा, कठड्याला धरून. डॉक्टरीणबाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"यावर तारखा नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी लाल चाललं असेल आणि नंतर त्यानेच त्रास झाला असेल तर?"

मावशी पुढे झाली.

"नाही, डॉक्टर. त्रास झाला तेव्हा ती पाऊल टाकायला शिकली नव्हती, असं लिहिलंय. आणि हे दुसरीतलं आहे. त्रास आधी, हे नंतर. कधीही नाही असं स्वतः लिहिणारा माणूस तेच औषध पुन्हा कसा देईल?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि आत वळता वळता परिचारिकेला म्हणाल्या, "लाल."

ती वीस मिनिटं वॉर्डाबाहेरच्या बाकावर गेली. मावशी आणि काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. आतून पलंगाच्या दांड्यांचा खडखडाट येत होता. तो एकाच लयीत यायचा, थांबेल असं वाटायचं, पुन्हा यायचा. काकूंना देवाचं नावही घेता येईना. कुठल्या तोंडाने घ्यायचं? पंधरा मिनिटांनी खडखडाट विरळ झाला. मग बराच वेळ काही आलं नाही. मावशी उभी राहिली, कारण आवाज थांबण्याचे अर्थ दोन होते.

दार उघडून परिचारिका म्हणाली, "झोपलीये. श्वास नीट आहे."

मावशीने भिंतीला डोकं टेकलं आणि हुंदका न देता रडली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

मुलगी तिसऱ्या दिवशी जागी झाली. मावशीला ओळखलं, पाणी मागितलं. पण पेला उजव्या हातात धरला आणि तो तिच्या हातातून सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला.

काकू त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. घडलेलं सगळं त्यांनी लिहून नेलं होतं, सोमवारच्या बटणापासून आठ महिन्यांच्या शुक्रवारांपर्यंत, खाली सही करून. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं.

"मला एकच विचारायचंय," काकू म्हणाल्या. "मी नाव दहालाच दिलं असतं, तर हात वाचला असता का?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं.

"सांगता येत नाही, काकू. वाचला असता कदाचित. कदाचित नऊला येण्याआधीच व्हायचं ते झालं असेल. मला खरंच माहीत नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही."

काकूंनी मान हलवली. नोकरी गेली नाही. अधीक्षकांनी कडक पत्र दिलं आणि फाईल महिन्याभरात नव्या पद्धतीवर हलवायचं ठरलं. मशीनमास्तर दुसऱ्याच दिवशी येऊन खऱ्या कॉप्या निघतायत का ते दोनदा तपासून गेला. काकूंनी लिहून दिलेल्या कबुलीखाली आपणही एक ओळ लिहून त्याने सही केली. एकोणीसशे चार मुलांपैकी एकोणीसशे तीन जशीच्या तशी मिळाली. चारशे बाराचे नऊ तुकडे काकूंनी नव्याने टाइप केले, आणि जिथे काही मिळालं नाही तिथे 'मजकूर गेला' असं लिहिलं. असं एकूण अकरा वेळा लिहावं लागलं.

मुलगी घरी जायच्या दिवशी मावशी त्या टिपणांची छापील प्रत न्यायला जिन्याखाली आली. काकूंनी पानं हातात दिली. मावशीने ती तिथेच उभी राहून वाचली, सगळी, सावकाश. मग म्हणाली, "गेलेल्या जागी मला ठाऊक असलेलं घालता येईल? ताई सांगायची त्यातलं थोडं थोडं आठवतंय आता."

"येईल," काकू म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "पण कोणी सांगितलं, तेही लिहू."

मावशी बसली. पहिलं काय आठवतं ते ती बराच वेळ ठरवत राहिली, आणि काकू कळफलकावर बोटं ठेवून थांबल्या.